काचेजवळचं टेबल

फलटणच्या एस. टी. स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर एक बर्गरचं दुकान आहे. दोन गाळे एक करून केलेलं, मोजकी सहा टेबलं, मागच्या बाजूला स्वयंपाकघर आणि रस्त्याकडे जमिनीपासून छतापर्यंत काच. दुपारी दोनच्या सुमारास इथं सगळ्यात आधी भरतं ते काचेजवळचं टेबल. त्यावर बहुतेक वेळा मुली असतात. कुणी गिरवीची, कुणी विडणीची, कुणी बरडची. कॉलेज सुटलेलं असतं, गावाकडच्या गाडीला अजून तास-दीड तास असतो. चौघींत दोन बर्गर, एक फ्राइज आणि चार ग्लास पाणी एवढ्यावर त्या तेवढा वेळ निभावून नेतात. ऑर्डर लहान आहे म्हणून त्यांना कुणी उठवत नाही.

दुकान चालवणारी बाई तिशीतली. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणतात, वयानं मोठी माणसंसुद्धा. शिक्षणासाठी ती पुण्याला गेली आणि तिथं एका बर्गरच्या साखळी दुकानात आधी काउंटरला, मग स्वयंपाकघरात, शेवटी शिफ्टची जबाबदारी घेऊन तिनं काम केलं. लग्नानंतर फलटणला परतल्यावर धाकट्या भावाला बरोबर घेऊन तिनं हे दुकान टाकलं. भाऊ कढई आणि तवा सांभाळतो, ती गल्ला, सामान आणि माणसं.

पुण्याच्या कामानं तिच्या हाताला शिस्त लावली. बन कापल्यावर आतली बाजू तव्यावर लोणी सोडून खरपूस करून घ्यायची, म्हणजे सॉस आत मुरत नाही आणि शेवटच्या घासापर्यंत पाव लगदा होत नाही. तळण झालं की पॅटी जाळीवर निथळत ठेवायची, कागदावर ठेवली तर खालची बाजू वाफेनं मऊ पडते. शाकाहारी आणि चिकनची कढई वेगळी, झारा वेगळा, चिमटाही वेगळा. ‘कढई वेगळी आहे ना?’ हा प्रश्न फलटणमध्ये रोज येतो. त्यावर ती बोलून उत्तर देत नाही, स्वयंपाकघराकडे बोट दाखवते. स्वयंपाकघर आणि टेबलं यांच्यामध्ये भिंत नाही, कमरेएवढा कट्टा आहे. दोन्ही कढया बसल्या जागेवरून दिसतात.

तेलाबद्दलही ती काटेकोर आहे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात जे घटक साठत जातात त्यांना सरकारनं मर्यादा घातली आहे. १ जुलै २०१८ पासून टोटल पोलर कंपाउंड्स २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल स्वयंपाकात वापरता येत नाही. मोठ्या दुकानात ते मोजायला यंत्र असतं. इथं तेलाचा रंग, फेस आणि वास बघून भाऊ ते काढून टाकतो, आणि शंका असेल तर काढायचंच, असा ताईचा दंडक आहे. छोट्या दुकानाच्या रोजच्या हिशेबात तेल हा फार जड खर्च आहे. तरी इथं हात आखडायचा नाही, हे तिनं पहिल्या दिवसापासून ठरवलेलं.

पॅटी मात्र तिची स्वतःची. तयार गोठवलेली पॅटी पोत्यानं मिळते, कढईत सोडली की झालं. पण डीप फ्रीजर अखंड चालायला वीज अखंड लागते, आणि उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की त्या पोत्याचा भरवसा राहत नाही. शिवाय बटाटा गावात मिळतोच. रात्री बटाटे उकडून सालासकट गार होऊ द्यायचे, सकाळी किसायचे. गरम बटाटा कुस्करला की चिकट होतो, रात्रभर गार झालेला किसला की मोकळा राहतो आणि पॅटी कढईत फुटत नाही. त्यात वाटाणा, आलं-मिरची, धणे-जिऱ्याची पूड आणि बांधायला मिक्सरमधून काढलेले पोहे. वरून शिळ्या पावाचा चुरा. लेट्यूसच्या जागी बारीक चिरून बर्फाच्या पाण्यात ठेवलेला कोबी. बिनअंड्याच्या मेयोत थोडा लाल मिरचीचा ठेचा. हा ठेच्याचा बर्गर दुकानात सगळ्यात जास्त जातो.

बर्गर हा परका पदार्थ आहे, हे वाक्य फलटणमध्ये बसून थोडं विचित्र वाटतं. ऑक्टोबर १९९६ मध्ये मॅक्डोनाल्ड्सनं दिल्लीत वसंत विहारला भारतातलं पहिलं दुकान उघडलं, गोमांस आणि डुकराचं मांस दोन्ही बाजूला ठेवून. त्या बर्गरमधली चीजची चकती बनत होती बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीत. फलटणहून निघून नीरा नदी ओलांडली की बारामती तालुका लागतो. म्हणजे इकडच्या गोठ्यांतलं दूध चीज होऊन दिल्ली-मुंबईच्या बर्गरमध्ये गेलं, आणि ज्या पट्ट्यातून ते गेलं तिथल्या माणसाला बर्गर टेबलावर बसून खायला मिळायला पुढे कितीतरी वर्षं गेली. पावात बटाटा घालून खाणं तर आपल्याकडे आधीपासूनच आहे. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ साली वडापावची गाडी लावली, असं सांगितलं जातं. तेव्हा चवीच्या बाबतीत ताईला गावाला काही नवं शिकवावं लागलं नाही.

नवं होतं ते बसणं.

तालुक्याच्या गावात हॉटेल म्हणजे काय असतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी मिसळीच्या दुकानात बाकांवर पुरुष. संध्याकाळी वडापावच्या गाडीभोवती उभे राहिलेले पुरुष. रात्री हायवेच्या ढाब्यावर पुरुष, आणि परमिट रूमबद्दल बोलायलाच नको. बाई घरातल्यांबरोबर आली तर तिच्यासाठी आत ‘फॅमिली रूम’. ही फॅमिली रूम बहुधा स्वयंपाकघराशेजारी असते, तिला खिडकी नसते, पंखा असतो आणि दाराला पडदा. बाई एकटी आली किंवा मैत्रिणींबरोबर आली तर तिनं कुठं बसायचं, याची सोयच नसते. तिनं पार्सल घ्यावं आणि घरी जावं, एवढंच सगळे धरून चालतात.

ताईची स्वतःची कॉलेजची वर्षं अशीच गेली. स्टँडवर उभं राहायचं, ऊन असलं तरी, पाऊस असला तरी. भूक लागली तर पिशवीतला डबा फलाटाच्या कोपऱ्यात पाठ करून खायचा. पुण्याला पहिल्यांदा ती कॉफीच्या दुकानात मैत्रिणीबरोबर तासभर बसली, तेव्हा तिला कॉफीपेक्षा त्या तासाचं अप्रूप वाटलं होतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉइटर?’ हे मुंबईतल्या बायका आणि सार्वजनिक जागा यांवरचं पुस्तक २०११ साली आलं. त्यातलं एक निरीक्षण फलटणला जसंच्या तसं लागू पडतं. घराबाहेर पडलेल्या बाईला कायम काहीतरी कारण दाखवावं लागतं. कॉलेज, क्लास, दवाखाना, बाजार. नुसतं बाहेर असणं हे कारण तिच्यासाठी कुणी मान्य करत नाही. ताईच्या दुकानात टेबलावर ठेवलेला बर्गर हे असं एक कारण आहे, आणि ते फार महाग नाही.

बायकांनी दुकानात यावं कसं, हा प्रश्न बर्गरच्या धंद्याला तसा जुनाच आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात १९२१ साली व्हाइट कॅसल सुरू झालं, तेव्हा खिम्याच्या पदार्थावर लोकांचा विश्वास नव्हता. अप्टन सिंक्लेअर यांच्या १९०६ च्या ‘द जंगल’ या कादंबरीनं कत्तलखान्यांतली घाण जगासमोर आणली होती. म्हणून व्हाइट कॅसलनं दुकानं पांढरीशुभ्र ठेवली आणि तवा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर मांडला. तरीही तिथं येणारा मुख्यतः कामगार पुरुषच होता. बायकांनी यावं म्हणून कंपनीनं १९३२ मध्ये एला लुईज अ‍ॅग्निएल या बाईंना नेमलं. ‘ज्युलिया जॉइस’ हे नाव घेऊन त्या बायकांच्या मंडळांत बर्गर घेऊन जात आणि त्यांना दुकान दाखवायला आणत. पुढे मॅक्डोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये सॅन बर्नार्डिनोचं दुकान नव्यानं मांडलं, तेव्हा गाडीपाशी ऑर्डर नेऊन देणाऱ्या मुली काढून टाकल्या. टवाळ पोरांचा घोळका जमू नये, हे त्यामागचं एक कारण. मॅक्डोनाल्ड्सची साखळी पसरवणाऱ्या रे क्रॉक यांनी तर पहिली कित्येक वर्षं दुकानात बायकांना नोकरी दिली नाही आणि गाण्याचं यंत्रही ठेवू दिलं नाही. साठचं दशक संपत आलं तेव्हा कुठे बायका काउंटरला आल्या. पोरं रेंगाळू नयेत म्हणून मुलींनाच हटवायचं, हा उपाय फलटणच्या माणसालाही ओळखीचा वाटेल.

ताईनं उलटं केलं. पुण्यात तिला शिकवलं होतं की टेबल लवकर मोकळं झालं पाहिजे. खुर्ची फार मऊ नको, उजेड भरपूर हवा, ट्रे रिकामा दिसला की उचलायचा. गर्दीच्या रस्त्यावर, जड भाड्याच्या जागेत हे बरोबरच आहे. पण तालुक्याच्या गावात दुपारी दोन ते पाच दुकान तसंही रिकामं असतं. त्या वेळेत टेबल अडवून कुणी बसलं तर काही बुडत नाही, उलट रस्त्यावरून बघणाऱ्याला दुकान भरलेलं दिसतं. संध्याकाळी सात वाजता कुटुंबं येतात, तोवर मुली आपल्या गाडीनं गेलेल्या असतात. हिशेब सरळ आहे. मार्च २०२३ पासून एस. टी.त सगळ्या बायकांना अर्धं तिकीट झालं आणि बाजाराला, बँकेला, दवाखान्याला येणाऱ्या बायका दुपारच्या वेळी जास्त दिसू लागल्या. वाचलेल्या पैशात दोघींत एक बर्गर बसतो.

ही काचही तिनं विचार करून लावली. गाळ्याच्या मालकांनी, वडिलांच्याच ओळखीतल्या गृहस्थांनी, मागच्या बाजूला पार्टिशन घालून फॅमिली रूम काढायचा सल्ला दिला होता. त्यांचा हेतू चांगला होता, भाडंही त्यांनी वाजवीच घेतलं. पण ताईचं म्हणणं, पडद्याआड बसवलेल्या बाईकडे बघायला माणसं जास्त वाकतात. उघड्यावर, उजेडात, सगळ्यांच्या देखत चार मुली हसत-खात बसल्या की चार दिवसांनी कुणाला त्याचं काही वाटेनासं होतं.

तसं लगेच झालं नाही. सुरुवातीला एक काका नेमानं दारात उभे राहत.

“ताई, पोरापोरींना बसू देता तुम्ही इथं.”

“बसतात की, काका. काय चाललंय ते रस्त्यावरून दिसतंय सगळं. तुम्हीही या, बसा.”

ते आले नाहीत. त्यांची नात येते.

आणि काच सगळ्यांना मानवते असंही नाही, हे इथं सांगायलाच हवं. काही मुली मुद्दाम रस्त्याकडे पाठ करून बसतात. एक मुलगी कायम आतल्या टेबलावर, खांबाच्या आडोशाला बसते, कारण तिच्या वडिलांची रिक्षा याच रस्त्यानं जाते. ती काही गैर करत नसते. पोलीस भरतीचं पुस्तक उघडून गणितं सोडवत असते, कारण अभ्यासिकेत संध्याकाळी ती एकटीच मुलगी उरते. ताईनं ते टेबल तिच्यासाठी काचेपासून लांबच राहू दिलं आहे. मोकळेपणा ज्याच्या त्याच्या बेतानं घ्यायचा असतो आणि दुकानदारानं तो कुणावर लादायचा नसतो, हे तिला काउंटरमागे उभं राहून उमगलं.

संध्याकाळचं दुकान वेगळं. कारखान्यातून, शेतातून, दुकानं बंद करून माणसं घरच्यांना घेऊन येतात. वडील मुलासाठी बर्गर सांगतात आणि स्वतःसाठी काहीच नाही. ‘आमाला चा मिळंल का?’ हा प्रश्न इतक्यांदा आला की ताईनं चहा ठेवायला सुरुवात केली, आणि चहाचं भांडं आता तव्याशेजारी कायमचं आहे. एक आजी नातवंडांबरोबर येतात. बर्गर पुढ्यात आला की त्या तो उलगडतात, वरचा पाव बाजूला, कांदा-टोमॅटो बाजूला, पॅटीचे चार तुकडे, आणि मग पावाचा तुकडा मोडून कालवणाशी खावं तशा निवांत खातात. नातू म्हणतो, असं नाही खायचं. ताई आजींना एक रिकामी ताटली आणून देते.

सासू-सुनांची जोडीही येते, आणि या जोडीकडे बघायला तिला विशेष आवडतं. घरी सून वाढते आणि सासू जेवते, किंवा सासू सांगते आणि सून करते. इथं दोघींना तिसराच कुणीतरी वाढतो. दोघीही एकाच वेळी खातात, गरम गरम. भिशीच्या बायका महिन्यातून एकदा दुपारी तीन टेबलं जोडून बसतात आणि पैसे मोजून झाल्यावर गाण्याच्या भेंड्या लावतात. त्या दिवशी भाऊ स्पीकर बंद ठेवतो.

वार आणि तिथी यांचा या धंद्यावर केवढा पगडा असतो, हे पुण्यात तिला इतकं जाणवलं नव्हतं. सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला चिकनची कढई जवळजवळ बसून असते. श्रावणात तर चिकन महिनाभर मागवायचंच कमी. त्या महिन्यात बटाट्याच्या पॅटीवर दुकान चालतं, आणि उपासाच्या दिवशी भगरीच्या पिठातली उपासाची टिक्की आणि दही ठेवावं लागतं, बनशिवाय. साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. त्यांचे चालक आत येऊन बसत नाहीत, पायांना चिखल आहे म्हणून दारातूनच पार्सल मागतात. ताई त्यांना आत बोलावते. फरशी पुसता येते, असं ती म्हणते. बहुतेक जण तरीही दारातच थांबतात. त्यांच्याबरोबर तोडणीला आलेल्या बायका ट्रॉलीतून उतरतही नाहीत. त्यांना आत आणून बसवणं अजून जमलेलं नाही.

आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला येते. गाव माणसांनी भरून जातं, घराघरात पंगती उठतात. त्या मुक्कामात दुकानात बर्गर बंद असतो. चिकन तर आदल्या दिवशीच संपवून कढई घासून ठेवलेली. पॅटीसाठी जे बटाटे उकडायचे तेच पोतंभर उकडून भाजी होते, शेजारपाजारच्या बायका चपात्या आणतात, आणि दुकानाचं दार दिवसभर उघडं राहतं. पुरुष वारकऱ्यांना गावात बसायला, पाठ टेकायला ठिकाणं मिळतात, देवळाची ओवरी, शाळेचा व्हरांडा, पारावरचा कट्टा. बायका ताईच्या दुकानात येतात. सुजलेले पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून काचेजवळ बसतात. एकीनं तिथं बसल्या बसल्या गाढ झोप काढली होती, डोक्यावरची तुळस टेबलावर ठेवून.

पण त्या दिवशी खरी रांग असते ती मागच्या स्वच्छतागृहाला. ताईनं गाळे घेतले तेव्हा तिथं ते नव्हतं. मालकांचं म्हणणं, समोरच्या बाजूला सार्वजनिक आहे की. ते आहे, पण संध्याकाळी तिथं दिवा नसतो आणि दाराची कडी तुटलेली असते. बोर्ड, रंग, दिवे यांसाठी ठेवलेल्या रकमेतून तिनं आधी मागच्या भिंतीला लागून स्वच्छतागृह बांधून घेतलं. आतून लागणारी घट्ट कडी, पाणी, बादली, साबण, झाकणाचा डबा आणि बल्ब. दुकानाचा बोर्ड पहिले काही महिने नुसता फ्लेक्सचा होता. काहीही न मागवता बाई आली आणि ‘जाऊ का?’ म्हणाली, तर तिला नाही म्हणायचं नाही, हे दुकानातल्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. गावोगावहून कॉलेजला येणाऱ्या मुलींमध्ये या दुकानाची खबर पसरली ती बर्गरच्या चवीमुळे नव्हे, या कडीमुळे. चव नंतर कळली. दिवसभर पाणी न पिता राहणाऱ्या मुली इथं आल्यावर पाण्याची बाटली भरून घेतात. डॉक्टरांकडे लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन किती मुली जातात, ते त्यांनाच विचारावं.

तालुक्याच्या गावांत आता असे गाळे जागोजागी निघत आहेत. बर्गर, पिझ्झा, मोमो, शेक. बहुतेक चालवणारी पोरं तरणी आहेत, कर्ज काढून उतरलेली आहेत, आणि पहिला मोठा खर्च करतात तो दर्शनी बोर्डावर आणि फोटो काढायच्या भिंतीवर. त्यांच्याकडे एक मागणं आहे. त्या पैशांतून आधी मागे एक स्वच्छतागृह बांधा, आतून कडी लागेल असं. फॅमिली रूमचा पडदा काढा. दुपारी दोन ते पाच, ऑर्डर कितीही लहान असली तरी मुलींना उठवू नका. आणि अशा दुकानांशेजारी राहणाऱ्या वाचकांनो, आपल्या घरातल्या बायकांना एखाद्या दुपारी तिथं एकट्यानं जाऊन बसून यायला सांगा. सोबत जाऊ नका.